मदत हवी आहे: तांदळाच्या कोरियन पाकासाठी सातूऐवजी मोडाची नाचणी चालेल का?

नमस्कार मंडळी,

कोरियन स्वयंपाकात गोडव्यासाठी पूर्वापार वापरला जाणारा जोचॉन्ग हा तांदळाचा पाक मला घरी करायचा आहे. दिसायला तो काकवीसारखा असला, तरी त्यात उसाचा संबंध नाही. शिजवलेल्या भातात मोड आणून वाळवलेल्या सातूची भरड आणि पाणी घालून ते मिश्रण काही तास साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला ठेवतात, त्या अवधीत सातूतील एन्झाइम भातातल्या स्टार्चचे माल्टोज या साखरेत रूपांतर करतात, आणि मग गाळलेले गोड पाणी मंद आचेवर घट्ट होईपर्यंत आटवतात. शीत बोटांत दाबल्यावर गर न लागता नुसता पोकळ चोथा हाती आला, की मिश्रण गाळायला तयार झाले असे समजतात.

अडचण सातूची आहे. माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक आजार असल्याने ग्लूटेन (गहू, सातू अशा धान्यांतले प्रथिन) पूर्ण वर्ज्य आहे, आणि सातूतील ग्लूटेनचे अंश पाक गाळून आटवला तरी त्यात राहू शकतात. म्हणून नाचणीचा विचार करत आहे. मोडाच्या नाचणीत स्टार्च फोडणारे एन्झाइम चांगल्या प्रमाणात असतात; मात्र लहान मुलांसाठी आपण करतो ते पीठ बहुधा मोड भाजून केलेले असते आणि भाजल्यावर एन्झाइम निकामी होतात, त्यामुळे मोड न भाजता सावलीत वाळवून दळावे लागतील, असा माझा अंदाज आहे.

असा प्रयोग कोणी केला आहे का? भाताच्या मानाने नाचणी किती घ्यावी, आणि पाकाला तिचा रंग व उग्र वास कितपत येतो? तांदूळ इंद्रायणी घ्यावा, की जुना कोलम?

हा पाक ‘नैसर्गिक’ असल्याने मधुमेहींना चालतो, असा प्रचार वाचनात येतो. तो मला पटत नाही. माल्टोज म्हणजे ग्लुकोजचीच जोडी, त्यामुळे रक्तातील साखर झपाट्याने वाढणारच. शिवाय गोडी साखरेपेक्षा कमी, म्हणून हात सैल सुटतो. तेव्हा वडिलांना तो द्यायचा नाही, हे ठरलेले आहे. मला तो मुख्यतः तिखट-गोड परतलेल्या सुक्या मासळीसाठी हवा आहे. कोरियात त्यासाठी छोटे सुके अँकोव्ही घेतात, मी सुकी मांदेली घेणार आहे.

शेवटची शंका उपकरणाची. विजेच्या राइस कुकरमध्ये अन्न गरम ठेवण्याची जी सोय असते, तिचे तापमान ७० अंशांच्या वर जाते का? तसे असेल, तर झाकण किलकिले ठेवून भागेल, की थर्मामीटर लावून गॅसवरच राखण करावी?