मदत हवी आहे: स्फेनॉइडचा पडदा थेट कॅरोटिडवर

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात मडगावात नाकावाटे एंडोस्कोपिक पिट्युटरी शस्त्रक्रिया आहे, मॅक्रोअ‍ॅडेनोमा (पिट्युटरी ग्रंथीची मोठी गाठ). 1 मिमीच्या सीटीत स्फेनॉइड सायनसमधला (नाकामागची हाडातली पोकळी) हाडाचा पडदा मध्यावर नाहीच, मागे जाऊन डाव्या कॅरोटिडच्या (मेंदूला रक्त नेणारी धमनी) उंचवट्यावर बसलाय. तिथलं हाड बऱ्याचदा अर्धा मिमीही नसतं. फोर्सेप्सने पिळून ओढला तर हाडाबरोबर धमनीही फाटायची, म्हणून ते बादच.

मग डायमंड बरने (हाड घासणारा ड्रिल) बुंध्यापर्यंत झिजवायचा, की पंचने कापून 2-3 मिमीचा खुंट ठेवायचा? खुंट राहिला की सेलाची (पिट्युटरी बसते तो हाडाचा खड्डा) डावी कड नीट दिसत नाही, हीच गोची.

शिवाय उजवीकडे ओनोडी सेल (स्फेनॉइडच्या वर सरकलेला मागचा एथमॉइड सायनसचा कप्पा) आहे. कोरोनल (समोरून पाहिल्यासारख्या) कापात आडवा पडदा स्पष्ट दिसतो आणि ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची नस) त्याच्या वरच्या कप्प्यात आहे. तो पडदा उघडताना तुम्ही कोणती खूण धरता?

ऑस्टियम (स्फेनॉइडचं नाकात उघडणारं तोंड) खाली रुंद करताना मागची सेप्टल धमनी सांभाळणारच. नेझोसेप्टल फ्लॅप (भोक झाकायला नाकाच्या पडद्यावरचं अस्तर) लागला तर तो तिच्यावरच जगतो.

मायक्रो-डॉप्लर प्रोब (धमनी कुठे आहे ते आवाजाने कळवणारा) गोव्यात कुणाकडे आहे का? नसेल तर बेळगावहून मागवावा लागेल. सीटीचे फोटो नाव झाकून टाकतो.