मदत हवी आहे : देवनागरी मजकुराला तिरपा टंक द्यावा की देऊ नये?

नमस्कार मंडळी. सह्याद्रीतील वनस्पतींवरील एका संकेतस्थळाची मांडणी मी करीत असून मजकुरासाठी ‘मुक्ता’ हा टंक (फॉन्ट) निवडला आहे. या टंकात सात वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) असली तरी स्वतंत्र इटॅलिक, म्हणजे मुद्दाम रेखाटलेले तिरपे रूप, नाही. त्यामुळे सीएसएसमध्ये (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) फॉन्ट-स्टाइल इटॅलिक लिहिले की ब्राउझर सरळ अक्षरेच यांत्रिकपणे कलती करतो. रोमन लिपीतील शास्त्रीय नावे, जी इटॅलिकमध्येच छापण्याचा संकेत आहे, तशी चालून जातात. परंतु ‘सर्पगंधा’सारख्या शब्दात शिरोरेखा आडवीच राहते, काने उजवीकडे झुकतात आणि लहान आकारात रफार शेजारच्या कान्यात गुंतल्यासारखा दिसतो. (छापील मराठीत एखादा शब्द उठून दिसावा यासाठी ठळक अक्षरे असत, आणि मला तीच अधिक शोभतात.)

फॉन्ट-सिंथेसिस, म्हणजे ब्राउझरने अक्षरे अशी यांत्रिकपणे कलती करणे, बंद केल्यास देवनागरी सरळ राहते, पण शास्त्रीय नावांचा तिरपेपणाही जातो. तेव्हा युनिकोड-रेंज (कोणत्या अक्षरांना कोणता टंक लागू व्हावा हे ठरवणारी सीएसएसमधील सोय) वापरून रोमन अक्षरांपुरता दुसऱ्या टंकाचा खरा इटॅलिक जोडावा, की ‘पॉपिन्स’सारखा, देवनागरीतही इटॅलिक असलेला टंक सर्वत्र घ्यावा? पहिला मार्ग कोणी अवलंबला असल्यास दोन्ही लिप्यांची उंची साइझ-अॅडजस्टने (टंकाचा आकार कमी-जास्त करणाऱ्या सीएसएसमधील सोयीने) कशी जुळवली, हे कृपया सांगावे.