एसएसएच लॅटिसमधली एज स्टेट 'सुरक्षित' असते ना? मग माझी का हलतेय?

पीएचडीचा_हमाल:
मंडळी, ४० वेव्हगाइडची (प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटा) एसएसएच साखळी (सू-श्रीफर-हीगर मॉडेल, वेव्हगाइड दोन-दोनच्या जोड्यांत) पायथॉनमध्ये केलीय, जोडीच्या आतलं कपलिंग (शेजारच्या वेव्हगाइडमध्ये प्रकाश किती सहज जातो ते) ०.४ आणि दोन जोड्यांमधलं १. साध्या साखळीत डावी एज स्टेट (कडेलाच चिकटून राहणारी प्रकाशाची अवस्था) बरोब्बर शून्यावर येते, पण प्रत्येक वेव्हगाइडच्या प्रोपगेशन कॉन्स्टंटमध्ये (पुढे जाताना प्रकाशाची फेज बदलण्याचा दर, स्टेटची जागाही यावरच मोजतो) ±०.२५ मधला रॅन्डम आकडा मिळवला की दर रनला ती वेगळीकडेच. सगळीकडे तर वाचतो की टोपॉलॉजी (छोट्या बदलांनी न मोडणारा रचनेचा एकूण गुणधर्म) असली की डिसऑर्डरचा (अशा रॅन्डम गोंधळाचा) फरक पडत नाही. कोड चुकला की मी?

कपलिंगवाला:
कोड ठीक आहे रे. सगळी डिसऑर्डर एकाच माळेचे मणी नसते. एसएसएचला वाचवते ती कायरल सिमेट्री, म्हणजे वेव्हगाइड सगळी सारखी आणि प्रकाश फक्त अ (जोडीतलं पहिलं) वरून ब (दुसरं) वर किंवा ब वरून अ वर, तू वेव्हगाइडच वेगवेगळी केलीस म्हटल्यावर ती गेलीच की. डावी एज स्टेट फक्त अ वर बसते, तीव्रता दर जोडीला ०.१६ पट होत जाते, म्हणजे ८४ टक्के प्रकाश पहिल्याच वेव्हगाइडमध्ये. त्याच्या वाट्याला जो रॅन्डम आकडा आला त्याच्या साधारण ०.८४ पट स्टेट सरकणार, ताडून बघ. आता तोच गोंधळ कपलिंगमध्ये घाल, ±०.२, शून्यावरून ढिम्म हलणार नाही, आकार तेवढा वेडावाकडा होईल.

काचेत_रेघा:
आम्ही फेम्टोसेकंद लेझरने काचेत वेव्हगाइड लिहितो, तिथे दोन्ही चुका होतात. अंतर चुकलं तर कपलिंग बदलतं, ते एसएसएचला पचतं. लिहिताना लेझरची पॉवर डगमगली की रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सच बदलतो, म्हणजे प्रोपगेशन कॉन्स्टंटही, ते नाही पचत. आणि अ ते अ असं लांबचं कपलिंग, ते पण सिमेट्री मोडतं! फक्त कपलिंग हलवून 'रोबस्ट' लिहून मोकळे होणाऱ्यांचा मला जाम राग येतो.

पीएचडीचा_हमाल:
८४ टक्क्यांचं जवळजवळ जुळलं राव! पण स्टेट सरकली तरी कडेलाच चिकटलेली दिसतेय, ते कसं?

कपलिंगवाला:
कारण बॅन्ड (साखळीभर पसरणाऱ्या स्टेट्सचे पट्टे) ±०.६ पासून सुरू होतात, तू अजून गॅपमध्येच (मधल्या रिकाम्या जागेत) आहेस.

षटकोनी:
टू-डी मध्ये गोष्ट वेगळी हां. २०१३ च्या रेक्ट्समन वगैरेंच्या प्रयोगात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मांडणी, वेव्हगाइड स्प्रिंगसारखी पिळलेली, कडेचं एक वेव्हगाइड गायब केलं तरी प्रकाश वळसा घालून पुढे गेला, कारण त्या कडेवर उलट जाणारी स्टेटच नाही, कायरल सिमेट्रीची गरजच नाही. आणि २०१८ मध्ये तर उलटंच दाखवलं, टोपॉलॉजी नसलेल्या लॅटिसमध्ये ऑनसाइट डिसऑर्डर घातली आणि एज स्टेट उगवली, टोपॉलॉजिकल अँडरसन इन्सुलेटर म्हणतात त्याला. तुझ्या कोडमध्ये जो ±०.२५ नडतोय ना, तसलाच गोंधळ.

पीएचडीचा_हमाल:
आता हेही करून बघावं लागणार, गाइडना सांगू नका कोणी.