मदत हवी आहे: भावजयीचा जन्म मालद्याचा, रेशन कार्डात नाव चढेना (सांगली जिल्हा)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. घरात गलाईचा धंदा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सोन्या-चांदीची मोड वितळवून शुद्ध करायची, टंच (म्हणजे शुद्धतेचं प्रमाण) काढून द्यायचा. खानापूर, आटपाडी, तासगावकडची माणसं या कामासाठी तामिळनाडूपासून आसामपर्यंत पांगलेली आहेत.

धाकट्या भावाची बायको अशाच घरातली. तिचे वडील आमच्या शेजारच्या गावचे, पण दुकान पश्चिम बंगालमध्ये मालद्याला. १९९७ साली तिथेच, भाड्याच्या खोलीत तिचा जन्म झाला. जन्माची नोंद कोणी केली नाही. शाळा बंगाली माध्यमाची. लग्न होऊन इकडे आली, आता पदरी लेकरू आहे, तरी कार्डात तिचं नाव नाही. आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं. माणशी पाच किलो धान्यासाठी एवढा खटाटोप नाही हो, पण दवाखान्याच्या योजनेपासून सगळीकडे पहिल्यांदा रेशन कार्डच मागतात.

अर्ज घेऊन गेलो तर कारकुनाने मालदा हे नाव वाचलं आणि मान वर केली. "मूळच्या कुठल्या?" भावजय बोलली. तिचं मराठी घरचंच, फक्त 'स'चा मधूनच 'श' होतो. झालं! आधार बाजूला सरकवलं, म्हणाले जन्मदाखला आणा, सध्या घुसखोरांमुळे वरून कडक सूचना आहेत. तिच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला दाखवला, तर त्याच्या कोपऱ्यावर तेजाब सांडून पडलेला पिवळा डाग बोटाने दाखवून "हे काय खाडाखोड आहे?" लेखी काही दिलं नाही.

२०२५ च्या एप्रिल-मेमध्ये कार्डांची तपासणी झाली तेव्हा राहण्याचा पुरावा म्हणून वीजबिल दिलं होतं, त्यात काही अडलं नाही. त्याच जूनअखेर घुसखोरांची काळी यादी करून त्यांना योजनांपासून लांब ठेवायचा शासन निर्णय झाला, तेव्हापासून भाषा बदलली असं वाटतं. बांगलादेशातून चोरून आलेल्याला सरकारी धान्य मिळू नये, यावर आमच्या घरात दुमत नाही. पण गंमत बघा, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत परराज्यात जन्मलेल्या सुनेसाठी नवऱ्याचा दाखला चालत होता. भावजयीचा अर्ज तेव्हा त्यावरच मंजूर झाला. दीड हजार रुपयांना जी महाराष्ट्राची, ती पाच किलो तांदळाला परकी कशी?

झेरॉक्सच्या दुकानातला एक एजंट म्हणतो, जन्मदाखला इथूनच काढून देतो. आणि पारावर चर्चा अशी, की आता कायदाच येतोय, नागरिकत्वाचा पुरावा नाही तर कुठलीच सरकारी मदत नाही. यातलं खरं किती? आणि पुढे नेमके कोणते कागद जमवू?

येरळाकाठ:
सगळ्यात आधी त्या एजंटला लांब ठेवा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथलाच निबंधक करतो. मालद्याचा जन्म सांगली जिल्ह्यात नोंदवला, तर तो दाखला पहिल्या दिवसापासून खोटा. मालेगावात घुसखोरांना उशिराचे जन्मदाखले दिल्याच्या आरोपावरून काय झालं आठवतंय ना, जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक (एसआयटी) नेमलं होतं. निरपराध असून गुन्ह्यात अडकाल.

दाखला काढायचाच तर अर्ज मालद्याला. वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे तिकडेही तेच. वेळ जाईल, पण सुरुवात करून ठेवा.

एक मात्र ठणकावून सांगा: जन्मदाखला हाच एकमेव पुरावा, हा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना. तुमची भावजय १९९७ ची. ती दहावी झाली असेल तर माध्यमिक परीक्षेचं प्रवेशपत्र शोधा, त्यावर जन्मतारीख असते आणि बंगालमध्ये ते सर्रास पुरावा म्हणून वापरतात.

टेबलाच्या अलीकडचा:
पुरवठा खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून कारकुनाची बाजूही थोडी सांगतो. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय. त्याने ते बाजूला सारलं यात चूक नाही. चूक आहे ती तोंडी परत पाठवण्यात.

नागरिकत्व कायद्याचं गणित तुमच्या बाजूचं आहे. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ दरम्यान भारतात जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एकजण जरी भारतीय नागरिक असला तरी पुरतं. म्हणजे सगळं वजन तिच्या वडिलांच्या कागदावर. डागाचा दाखला बाजूला ठेवा. ज्या जिल्हा परिषद शाळेत ते शिकले तिथून जनरल रजिस्टरचा उतारा नव्याने घ्या, जोडीला त्यांच्या नावचा सातबारा असेल तर उत्तम.

दुसरं, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. बंगालमध्ये रेशन कार्ड घराचं नसतं, माणशी वेगळं असतं. तिचं तिथलं कार्ड अजून चालू असेल आणि आधार त्याला जोडलेलं असेल, तर जन्मदाखला आणूनही इथे नाव चढणार नाही. ते कार्ड जमा करून तसं पत्र आणा. मला तर खरी अडचण इथेच असावी असं वाटतं.

मग अर्ज रीतसर द्या, पोच घ्या. नाकारलाच तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा आधार घेऊन लेखी कारण मागा. कारण हातात आलं की अपील करता येतं.

कायद्याचं म्हणाल, तर काळी यादीचा तो शासन निर्णय आहे, कायदा नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबत केंद्राचा नवा कायदा लागू झालाय. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्यात त्या माणसावरच आहे, १९४६ च्या कायद्यातही होती. कागद नीट लावून ठेवा म्हणतोय ते त्यासाठी. पण कोण नागरिक नि कोण नाही हे पुरवठा शाखेतला कारकून ठरवू शकत नाही.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. आत्ताच फोन केला, तिकडचं कार्ड खरंच चालू आहे, भावजयीची आई त्यावर अजून धान्य उचलतेय! जमा करायला सांगितलं. आता एकच शंका, शाळेच्या रजिस्टरात तिच्या वडिलांचं नाव पाळण्यातलं आहे आणि आधारवर दुसरंच. त्याला प्रतिज्ञापत्र चालेल की राजपत्रात नाव छापावं लागेल?