पावसाळ्यानंतर बास्केटबॉल कोर्ट आणि फुटबॉल मैदान: कामाला कधी हात घालावा?

खाडीकाठ_ऐरोली: कॉलेजला विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी दोन्ही संघ उतरवायचे आहेत. कोर्ट जुनं, काँक्रीटचं, शेवाळलेलं. फुटबॉलच्या मैदानात दोन्ही गोलांसमोर डबकी. कंत्राटदार म्हणतो, सप्टेंबरमध्येच ॲक्रिलिकचा (रंगीत लेपाचा) थर मारू, जुन्या लाइनींवर रंग फिरवू. ऐकावं का?

पिक_अँड_रोल: लाइनींवर आंधळेपणाने रंग फिरवू नका, आधी टेपने मोजा. 2010 च्या आधी आखलेल्या कोर्टावर ‘पेंट’ (रिंगसमोरचा आखलेला भाग) एंडलाइनकडे पसरट असतो आणि थ्री-पॉइंटची रेषा रिंगपासून 6.25 मीटरवर. आता पेंट सरळ आयत, 4.90 मीटर रुंद, थ्री-पॉइंट 6.75, कोपऱ्यात मात्र साइडलाइनपासून 90 सेंटिमीटर. जुन्या लाइनीवर हात बसलेल्या पोरांचे शॉट स्पर्धेत रिंगच्या अलीकडेच पडतात. कोर्ट 28 × 15 मीटर, लाइनींच्या आतल्या कडेपासून मोजायचं, भोवती 2 मीटर मोकळे. बोर्डाचा पुढचा भाग एंडलाइनच्या 1.20 मीटर आत हवा. आपल्याकडे पोल लाइनीलाच चिकटून रोवतात, मग लेअप (धावत येऊन रिंगजवळून मारलेला शॉट) मारणारा थेट पोलवर जातो. रिंगचे 3.05 मीटर नवा थर चढल्यावर पुन्हा मोजा.

ओलावा: सप्टेंबरमध्ये अजिबात नको. काँक्रीटच्या पोटात ओल असते. वर ॲक्रिलिक आलं की वाफेला वाट राहत नाही, फुगे येतात आणि थर सोलपटतो. मीटरभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना टेपने चिकटवून 24 तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर थांबा. नव्याने भरलेल्या भागाला 28 दिवस द्या.

उतार एकाच बाजूला, साधारण 1 टक्का, म्हणजे 15 मीटर रुंदीत 15 सेंटिमीटर. कोर्टावर पाणी सोडा. तासाभराने जिथे रुपयाचं नाणं बुडेल एवढं पाणी उरेल, तिथे खडूने गोल करा. तेवढे खड्डे आधी भरायचे, ॲक्रिलिक नंतर. तोवर शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी, ताठ ब्रश आणि भरपूर धुणं.

डावा_विंगर: गोलसमोर लाल माती ओतणं ही सगळ्यात महागडी बचत. पहिल्या सरीत चिखल, सुकली की दगड. नुसती वाळूही नको: खाली चिकण माती असेल तर खड्ड्याची बादली होते. पाणी गटारापर्यंत नेणारा चर आधी काढा. मग 15 सेंटिमीटर उकरून तळ सैल करा, माती आणि जाड वाळू मिसळून थराथराने भरा, प्रत्येक थर दाबा. खाडीची वाळू नको, तिच्यातल्या मिठाने गवत जळतं. सरावाचे गोल हलते ठेवले तर एकच जागा झिजत नाही, पण मागची पट्टी जमिनीत घट्ट बांधा. कुणी लोंबकळलं की ते पुढे उलटतात. खारट हवेत गोलच्या खांबांना गंज बुडाशी लागतो, वरून रंग मात्र चकचकीत.

खाडीकाठ_ऐरोली: प्लास्टिक उन्हातल्या भागावर लावू की सावलीतल्या?

ओलावा: दोन्हीकडे. निर्णय मात्र सावलीतल्या तुकड्यावर घ्या. इमारतीच्या बाजूचा कोपरा सगळ्यात शेवटी वाळतो, आणि पहिला फुगाही तिथेच येतो.