भुयारी मेट्रो आणि जुने वाडे, हादरत न्हाईत काय?

पेठकर_०९: परवा पुण्याला गेल्तो, मंडई ते सिव्हिल कोर्ट मेट्रोनं. वर कसब्यातले जुने वाडे आन खालनं बोगदा, मग भिंती कशा टिकल्या राव? विचारायचं कारण, आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घराला लागून शेजारी बेसमेंट खोदालेत आन माजघरात चीर पडल्या.

बोगदेवाला: भावा, बोगदा टीबीएमनं, म्हंजे बोगदा खोदायच्या मशीननं काढतात, सुरुंगानं न्हाई. मशीन पुढं सरकलं की मागनं लगेच काँक्रीटची रिंग बसते त्यामुळं माती खचायला वाव कमी. आन आधी प्रत्येक जुन्या इमारतीचा सर्व्हे, फोटो, भिंतीवर सेटलमेंट मार्कर (इमारत किती खचली ते बघायची खूण), हादरे मोजायला व्हायब्रेशन मीटर. हादऱ्यांचं जर्मन मानक हाय डीआयएन ४१५०, त्यात जुन्या नाजूक इमारतींना पायाशी कमी फ्रिक्वेन्सीला हादऱ्याच्या वेगाची मर्यादा सेकंदाला ३ मिमीच हाय. पण खरा घोळ बहुतेकदा पाण्याचा. खड्ड्यातनं पंपानं पाणी उपसत सुटलं की आजूबाजूची माती बसती, आन बसती ती सगळीकडं सारखी न्हाई.

काकी_कोल्हापूर: आमच्यात चिरेवर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवली होती, वर तारीख घातली. पंधरा दिवसांनी पट्टी तडकली तवा कळलं चीर अजून वाढालीया.

पेठकर_०९: व्हय काकी, आजच लावतो. पंप तर रात्रभर चालू असतोय तिथं.

बोगदेवाला: मग आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलव, फोटो काढून लेखी अर्ज दे. चीर लगेच लिंपू नको, पुरावा जाईल.