माळ्यावरची सामाईक भिंत कौलांपर्यंत गेलेलीच नाही, भोकं कशी बुजवायची?

रांगेतलं_घर:
आमचं घर रांगेतलं, मधलं. दोन्हीकडच्या भिंती सामाईक. गळती शोधायला माळ्यावर चढले, तर टॉर्चच्या उजेडात दिसलं की डावीकडची भिंत वर कौलांना टेकतच नाही. चारेक बोटांची फट आहे, तिच्यातून शेजारच्या काकांच्या ट्रंका दिसतात. खाली एके ठिकाणी कुणीतरी चार विटा काढून वायरी आणि एक पीव्हीसी पाइप पलीकडे नेलाय, भोक तसंच उघडं. पलीकडे दोघंही म्हातारी माणसं, आमच्याकडे लहान मुलं. एका घरात काही पेटलं तर दुसऱ्याचं काय, या विचाराने चैन पडत नाही. ओळखीतले एक जण म्हणाले, "फोम मारून टाका." चालेल का?

थापी_ओळंबा:
ताई, फोम नको. सर्रास मिळणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे डब्यातून फवारला की फुगणारा, स्वतःच पेटतो आणि विषारी धूर सोडतो. आगरोधक म्हणून विकला जाणारा फोमही अरुंद फटींपुरताच असतो. चार विटांच्या भोकाला तो नाही.

जुन्या घरांची दुरुस्ती हेच माझं काम, आणि ही उघडी भिंत मला फार खटकते. आग लागली की धूर आणि तापलेली हवा आधी वर चढते. माळ्यावर अडवायला भिंत नसेल तर छपराखालून आडवी पसरते, आणि खाली झोपलेल्या शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. लंडनमध्ये 1666च्या आगीनंतर घरं विटांची झाली, तरी 1707च्या कायद्याने सामाईक भिंत छपराच्याही वर दीड फूट चढवायला लावली, ती याचसाठी.

भोकाच्या कडेच्या सैल विटा काढा, जुना माल खरवडा, पाणी मारा. विटा भिजवून, जुन्या भिंतीच्या दात्यांत अडकवून, पूर्ण जाडीचं काम करून घ्या. नुसतं तोंड बंद करून वर गिलावा मारला तर दिसायला भिंत, आत पोकळी. जुनी वीट मऊ असेल तर कडक सिमेंट नको. एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू. शेवटच्या थराच्या वरची दर्ज, म्हणजे विटांमधली सांध, थापीच्या टोकाने ठासून भरायला लावा आणि तेव्हा स्वतः समोर उभ्या राहा. हात अवघडतो म्हणून नेमकी तीच पोकळ राहते.

वरच्या फटीत जिथे वीट बसेल तिथे वीट. पण अगदी कौलांना भिडवून पक्का माल भरू नका. छप्पर थोडं हलतं, माल तडकतो, कौलं उचलली जातात. तिथे रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, दाबून भरा. हजार अंशांच्या उष्णतेतही ती वितळत नाही; ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, त्याच्या बरीच आधी वितळते. भिंतीवरून जाणाऱ्या रिपांच्या मधल्या जागाही भरा. आणि वळचण विसरू नका! ती खालून फळ्यांनी बंद केलेली असेल तर भिंतीच्या टोकाला वळसा घालून आग तिथून पलीकडे जाते.

काम झालं की काकांच्या बाजूला मोठा दिवा लावा, तुमच्या बाजूला अंधार करा. जिथून उजेड येईल तिथे अजून भोक आहे.

तारवाला:
वायरीबद्दल सांगतो. विटकामाआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. आवरण तडकलेल्या वायरी आत गाडू नका, आधी बदला. वायरींभोवती इंट्युमेसंट सीलंट, म्हणजे तापल्यावर फुगून जागा बंद करणारं. पीव्हीसी पाइपला मात्र नुसतं सीलंट पुरत नाही. पाइप वितळला की त्याच्याच मापाचं भोक उरतं. त्याला फायर कॉलर, म्हणजे पाइपभोवती बसवायचं कडं, लागते. आतला पट्टा फुगून मऊ झालेला पाइप चिरडतो.

रांगेतलं_घर:
दोघांचे मनापासून आभार. काका तयार आहेत, पण विचारतात, वारा बंद होऊन माळ्याला ओल धरेल का?

थापी_ओळंबा:
काकांची शंका रास्त आहे. आजवर दोन्ही माळे एकमेकांच्या हवेवर चालत होते. आता प्रत्येकाला स्वतःचा झरोका हवा, वळचणीला आणि शक्यतो आढ्याजवळही. तो नसेल तर आधी करा, मग भिंत बंद करा. फटीत पाखरांची घरटी किंवा वटवाघळं आहेत का तेही बघा. असली तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. छपराला कुठे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर मिस्त्रीला ते कापू किंवा भोकं पाडू देऊ नका. काकांची संमती लेखी घ्या, आणि विटकामाच्या दिवशी त्यांच्या ट्रंका झाकून ठेवा.